ट्रॅव्हल ट्रेलरची जमिनीपासूनची उंची वाढवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोंगरातल्या कच्च्या रस्त्याने मुक्कामाच्या जागेपर्यंत राहण्याची सोय असलेला ट्रेलर गाडीमागे ओढून नेणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. येथील मापे पोलादी चासी (तळाचा सांगाडा) आणि एक किंवा दोन ॲक्सल (दोन्ही बाजूंची चाके जोडणारा आस) असलेल्या नेहमीच्या ट्रेलरांना धरून आहेत. आपल्या ॲक्सलवरच्या पट्टीवर किंवा उत्पादकाच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल, तर तोच प्रमाण मानावा.

१. ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे नेमके कुठले अंतर आणि ते मोजायचे कसे?

ट्रेलरच्या तळाचा सर्वांत खाली आलेला पक्का भाग आणि जमीन यांच्यामधले अंतर म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स. ते मोजताना ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला जोडलेला, सपाट जागेवर उभा, टायरमध्ये योग्य हवा असलेला आणि प्रवासाला निघताना असतो तसा भरलेला असावा. रिकाम्या ट्रेलरचे माप फसवे असते, कारण १५० लिटरची पाण्याची टाकी भरली की १५० किलो वजन वाढते आणि पाटे (भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) तेवढे खाली बसतात. मोजताना दोन आकडे वेगवेगळे लिहून ठेवावेत : एक ॲक्सलच्या खालचा आणि दुसरा चासी, टाक्या व सांडपाण्याचे पाइप यांच्या खालचा. पुढचे बहुतेक निर्णय या दोन आकड्यांतल्या फरकावर अवलंबून आहेत.

२. माझा ट्रेलर खरोखर उंच करायला हवा का, हे कसे ओळखावे?

घासल्याच्या खुणा पाहून. कामाला हात घालण्याआधी ट्रेलर पक्का टेकवावा आणि विजेरी घेऊन त्याच्या तळाशी आडवे व्हावे. ज्या लोखंडावरचा रंग जाऊन चकचकीत ओरखडे उठले आहेत, ज्या प्लॅस्टिकच्या पाइपाच्या कडेला पांढरट चरे पडले आहेत, तीच आपली अडचणीची जागा असते. ओरखडे फक्त सांडपाण्याच्या झडपेवर किंवा तिच्या दांड्यावर असतील, तर पाइपाचा मार्ग बदलून झडप चासीच्या कडेच्या वर घेतल्याने काम भागते. फक्त मागच्या बंपरवर असतील, तर प्रश्न ३ पाहावा. यू-बोल्टच्या (पाटे आणि ॲक्सल एकत्र आवळणाऱ्या U आकाराच्या बोल्टच्या) खालच्या पट्टीवर असतील, तर चाकांच्या मधला उंचवटा लागत आहे आणि त्याचे उत्तर प्रश्न ५ मध्ये आहे. पुढच्या जॅकचा पाय घासत असेल, तर तो काढून ठेवता येणारा जॅक बसवावा.

कुठे लागते हे न पाहताच उंची वाढवणारे बरेच जण आहेत, आणि नेमकी तीच झडप पुढच्या प्रवासात तुटते.

३. सपाट कच्च्या रस्त्यावर काहीच घासत नाही, पण ओढ्यातून वर चढताना ट्रेलरचा मागचा भाग टेकतो. असे का होते?

तेथे उंचीपेक्षा कोन आडवा येतो. मागच्या चाकांच्या पुढे चासी कितीही उंच असली, तरी चाकांच्या मागे लांबवर निघालेला भाग जमिनीला टेकणार की नाही, हे त्या भागाची लांबी आणि उंची यांच्या प्रमाणावर ठरते. मागच्या ॲक्सलपासून बंपर २५० सेंमी लांब आणि जमिनीपासून ४० सेंमी उंच असेल, तर ट्रेलर जेमतेम ९ अंशांचा चढ न टेकता सोडू शकतो. ट्रेलर १२ सेंमी उंच केला तरी हा कोन १२ अंशांच्या आतच राहतो, म्हणजे इतक्या मोठ्या कामातून पदरात पडतात ते जेमतेम तीन अंश. उलट त्याच ट्रेलरला ॲक्सलपासून २०० सेंमीवर, जमिनीपासून फक्त २५ सेंमी उंचीवर सांडपाण्याचा पाइप लटकत असेल, तर मुळातला कोन ७ अंशांचाच आहे. तो पाइप वर घेतला की चासीला हात न लावता दोन अंश मिळतात.

येथे आणखी एक गोष्ट तपासावी. ट्रेलरचे नाक वर असेल तर शेपूट आपोआप खाली जाते. कपलर (ट्रेलरच्या नाकावरची जोडणी) ॲक्सलच्या ४५० सेंमी पुढे असेल आणि हिच (ओढणाऱ्या गाडीवरची जोडणी) ५ सेंमी खाली घेऊन ट्रेलर समतल केला, तर २५० सेंमी मागचा बंपर सुमारे पावणेतीन सेंमी वर येतो.

एवढे करूनही बंपर टेकत असेल, तर मागे फिरणारे पोलादी रूळ (रोलर) बसवावेत, म्हणजे टेकण्याचे घर्षण होईल पण तुटणार काही नाही. हे रूळ चासीच्या मुख्य लांब पट्ट्यांनाच जोडावेत. पातळ पत्र्याच्या बंपरला जोडले, तर पहिल्याच धक्क्यात बंपरासकट निघून येतात.

४. दोन-तीन वर्षांपूर्वी याच रस्त्यावर ट्रेलर घासत नव्हता, आता घासतो. काय बिघडले असेल?

बहुधा ट्रेलर खाली बसला आहे. पाट्यांना भरलेल्या स्थितीतही थोडी कमान राहायला हवी. ते सरळ किंवा उलटे वाकलेले दिसले, तर थकलेले आहेत. पाट्यांऐवजी टॉर्शन ॲक्सल असेल, तर त्यात चौकोनी किंवा षट्कोनी नळीच्या आत रबराचे दांडे दाबलेले असतात, आणि वर्षानुवर्षांच्या भाराने ते रबर दबते, त्यामुळे चाकाची भुजा हळूहळू वर सरकते. अशा ट्रेलरला उंचीचे सुटे भाग लावणे म्हणजे दुखणे झाकणे आहे. आधी पाटे किंवा ॲक्सल बदलावा. त्याने हरवलेली उंची परत मिळते आणि पुष्कळदा तेवढ्यावर भागते. बदलताना तोच भार सोसणारे पाटे घ्यावेत. जास्त भाराचे पाटे ट्रेलर उचलतात खरे, पण धक्के आत पोहोचवतात आणि कपाटांचे स्क्रू सुटू लागतात.

५. उंची वाढवण्याचे मार्ग कोणते आणि कशाने किती फरक पडतो?

पाट्यांच्या ट्रेलरमध्ये पाटे ॲक्सलच्या खालून वर घेणे हा सर्वांत जास्त उंची देणारा रूढ मार्ग असून त्याने साधारण १० ते १४ सेंमी मिळतात. तो प्रश्न ६ मध्ये आहे. पाटे आधीच वर असतील, तर चासी आणि हँगर (पाट्यांना चासीला धरून ठेवणारे कंस) यांच्या मध्ये पोलादी नळी घालतात, ज्याबद्दल प्रश्न ८ मध्ये लिहिले आहे. टॉर्शन ॲक्सलसाठी वेगळा विचार लागतो. तो प्रश्न ९ मध्ये केला आहे. मोठे टायर हा चौथा मार्ग. त्याने मिळणारी उंची थोडी असते.

तरीही टायरचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. पहिले तीन मार्ग चासी वर नेतात, पण सरळ आडव्या ॲक्सलची नळी जमिनीपासून जेवढी असते तेवढीच राहते, कारण ती चाकाच्या मध्याला बांधलेली आहे. नळी वर न्यायची तर चाकच मोठे हवे. म्हणून रस्त्याच्या मधोमध उंच दगडी वरंबा असलेल्या वाटेवर चासी उंच केलेला ट्रेलरही ॲक्सलवर अडकू शकतो. आडवा ॲक्सलच नसलेल्या, प्रत्येक चाकाला स्वतंत्र भुजा असलेल्या रचना यासाठीच निघाल्या.

६. पाटे ॲक्सलच्या वर घेणे म्हणजे नेमके काय करतात?

अनेक ट्रेलर ठेंगणे राहावेत म्हणून पाटे ॲक्सलच्या नळीखाली बांधलेले असतात. या कामात नळीच्या वरच्या बाजूला नवीन बैठक वेल्ड करून पाटे तिच्यावर आणतात. चासी पाट्यांना टांगलेली असल्यामुळे नळीचा व्यास, पाट्यांच्या थप्पीची जाडी आणि बैठकांची जाडी एवढ्या बेरजेने ती वर जाते. ६० मिमी व्यासाची नळी, ३० मिमीची थप्पी आणि बैठकांचे २० मिमी धरले तर ११ सेंमी होतात. ७६ मिमी नळीच्या जड ॲक्सलवर १३ सेंमींच्या आसपास.

एक फायदा सहसा लक्षात येत नाही. पाटे खाली असताना नळी त्यांच्या वर, चासीच्या अगदी जवळ असते आणि खोल खळग्यात ती चासीवर आदळते. पाटे वर घेतल्यावर ही जागा वाढते, चाकाला वर येण्यास वाव मिळतो आणि धक्का सौम्य होतो. शिवाय नळीखाली लोंबणारी पाट्यांची थप्पी निघून जाते.

कामाचा जीव वेल्डिंगमध्ये आहे. जुन्या बैठका नेमक्या कुठे होत्या हे दोन्ही टोकांपासून मोजून खूण करावी आणि नवी बैठक तिच्या बरोबर समोर येईल असे पाहावे. बैठक थोडी जरी तिरकी झाली, तरी ब्रेकची पाटी (ब्रेकचे भाग बसवलेली चकती) आणि चाक तिरके होते. ॲक्सलची नळी पोकळ असते. एकाच जागी सलग उष्णता दिली तर ती वाकते, म्हणून वेल्ड छोट्या तुकड्यांत, मधून मधून थंड होऊ देऊन आणि दोन्ही बाजूंना आळीपाळीने करायचा. यू-बोल्ट नेहमी नवीनच घ्यावेत; एकदा ताणून आवळलेले यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत.

७. ॲक्सलच उलटा फिरवून बसवला तर जुनी बैठक आपोआप वर येईल. मग वेल्डिंगची गरज काय?

असे कदापि करू नये. ॲक्सलच्या नळीला मध्यभागी वरच्या दिशेने हलकी कमान मुद्दाम दिलेली असते, म्हणजे भार पडल्यावर चाके सरळ उभी राहतात. ॲक्सल उलटा केला की कमान खाली येते, भाराखाली चाकांचे माथे आत झुकतात आणि टायरच्या आतल्या कडा झपाट्याने झिजतात. शिवाय ब्रेकच्या पाट्याही फिरतात. विजेच्या ब्रेकमध्ये पुढच्या बाजूला राहायचा शू मागे जातो आणि ब्रेकची पकड कमी होते. डोंगर उतरताना तो धोका पत्करण्यासारखा नाही.

८. माझ्या ट्रेलरचे पाटे आधीपासूनच ॲक्सलच्या वर आहेत. आता काय करावे?

अशा ट्रेलरमध्ये पाट्यांचे हँगर चासीपासून खाली आणतात आणि मधल्या जागेत चौकोनी पोलादी नळी घालतात. ५ सेंमी उंचीची नळी घातली की तेवढीच उंची मिळते, हिशोब सरळ आहे. सरळ नाही तो बाजूचा जोर. हँगर जेवढा लांब, तेवढा तो वळणावर आणि आडव्या खळग्यांत बाजूला पिळला जातो, आणि तो पीळ चासीच्या खालच्या कडेवर येतो. म्हणून डाव्या आणि उजव्या हँगरांना जोडणारी आडवी पट्टी आणि तिरके आधार यांशिवाय हे काम करू नये. दोन ॲक्सलच्या ट्रेलरमध्ये मधल्या हँगरवर, जिथे भार वाटणारा इक्वलायझर असतो, सर्वांत जास्त ताण येतो.

काही ट्रेलरमध्ये चाकाचा दांडा नळीच्या मध्यापेक्षा वर बसवलेला, म्हणजे वाकडा ॲक्सल असतो. तेथे सरळ ॲक्सल घातल्याने पाट्यांना न हलवताही उंची मिळते.

९. टॉर्शन ॲक्सलचा ट्रेलर उंच करता येतो का?

येतो, पण तेथे पाटे नसल्यामुळे प्रश्न ६ मधला मार्ग लागू होत नाही. ॲक्सलचा आधार आणि चासी यांच्या मध्ये बोल्टने बसणारे ठोकळे किंवा नळी घालतात. डेक्स्टरचा टॉरफ्लेक्स हा या जातीचा सुपरिचित ॲक्सल आहे. यात भुजेचा आरंभीचा कोन वेगवेगळा मिळतो. भुजा खाली झुकलेली असेल तर ट्रेलर उंच राहतो, आडवी किंवा वर असेल तर ठेंगणा. नवीन ॲक्सल घ्यायचाच असेल, तर ठोकळ्यांपेक्षा जास्त खाली झुकलेल्या भुजेचा ॲक्सल मागवणे हा अधिक स्वच्छ उपाय आहे. या ॲक्सलच्या नळीवर वेल्डिंग करू नये, कारण उष्णतेने आतले रबर खराब होते.

१०. नुसते मोठे टायर घातले तर?

व्यास जेवढा वाढतो त्याच्या निम्मी उंची मिळते. २०५/७५ आर १५ टायरचा व्यास ६८८ मिमीच्या आसपास आणि २३५/७५ आर १५ चा ७३३ मिमीच्या आसपास असतो. फरक ४५ मिमी, मिळालेली उंची सव्वादोन सेंमी. टायर घेण्यापूर्वी चाकाच्या पोकळीत वर आणि दोन ॲक्सल असल्यास दोन टायरांच्या मध्ये किती जागा आहे ते भरलेल्या ट्रेलरवर मोजावे. पाट्यांच्या ट्रेलरमध्ये टायरवर किमान साडेसात सेंमी जागा मोकळी असावी, नाहीतर खळग्यात टायर लाकडी तळाला किंवा पत्र्याला घासून फुटतो. टायरची भारक्षमता मूळ टायरपेक्षा कमी नसावी आणि रिम त्या रुंदीला व हवेच्या दाबाला चालणारी असावी. मोठ्या चाकावर तोच ब्रेक थोडा कमी जोर देतो, हेही ध्यानात ठेवावे.

११. लांब शॅकल किंवा पाट्याखाली ठोकळे घालून स्वस्तात काम होईल का?

शिफारस करत नाही. लांब शॅकल (पाट्याचे टोक धरणाऱ्या हलत्या जोडपट्ट्या) बाजूला डुलतात, इक्वलायझरची हालचाल बिघडवतात आणि मिळणारी उंची शॅकलच्या वाढीच्या निम्मीच असते. ॲक्सल आणि पाटा यांच्यामधले उंच ठोकळे ब्रेक लावताना ॲक्सलला पिळण्यास मोकळीक देतात. एकावर एक रचलेले ठोकळे तर कुठल्याही वाहनात चालवू नयेत.

१२. उंच केल्यावर ट्रेलर उलटण्याचा धोका वाढतो का?

वाढतो, पण किती ते हिशोबाने पाहणे बरे. चाकांमधले अंतर २ मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून १.३ मीटर असेल, तर स्थिर उभा ट्रेलर सुमारे ३८ अंशांच्या तिरप्या जागेवर उलटण्याच्या टोकाला येतो. १२ सेंमी उंची वाढवली की हा कोन ३५ अंशांवर येतो. प्रत्यक्षात पाटे आणि टायर खालच्या बाजूला दबतात, चाक दगडावर चढते, त्यामुळे खरी मर्यादा याच्या बरीच आत असते. डोंगराच्या कडेने बाजूला कललेल्या रस्त्यावर हा फरक जाणवतो, आणि मोकळ्या रस्त्यावर जोराच्या आडव्या वाऱ्यातही जाणवतो. जड सामान तळाशी आणि ॲक्सलच्या जवळ ठेवावे, छतावर काही बांधू नये. गरजेपेक्षा जास्त उंची घेऊ नये असे जे आग्रहाने सांगावेसे वाटते, ते याच कारणाने.

१३. हिचमध्ये काय बदलावे लागेल?

ट्रेलर उंच केल्यावर टो बॉलही (ज्यावर कपलर बसतो तो गाडीवरचा गोळा) तेवढाच वर न्यावा लागतो, नाहीतर ट्रेलर नाकावर झुकलेला चालतो. त्यासाठी हा गोळा धरणारा बॉल माउंट उलटा करण्यापेक्षा योग्य उंचीचा नवा घेणे चांगले. भार वाटणारी हिच असेल, तर तिचे डोके आणि पट्ट्यांच्या साखळ्या पुन्हा जुळवाव्यात. ट्रेलर भरून, समतल उभा करून हिचवरील भार पुन्हा मोजावा. उत्तर अमेरिकेतील धाटणीच्या ट्रेलरांमध्ये तो एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा असा संकेत आहे. युरोपीय धाटणीच्या ट्रेलरांमध्ये तो कमी असतो आणि कपलरवर लिहिलेली कमाल मर्यादा ओलांडता येत नाही. भार कमी पडला तर ट्रेलर शेपटीने डोलू लागतो.

दोन टॉर्शन ॲक्सलच्या ट्रेलरमध्ये समतलपणाला दुप्पट महत्त्व आहे. तेथे इक्वलायझर नसतो, त्यामुळे नाक खाली असेल तर पुढचा ॲक्सल, वर असेल तर मागचा ॲक्सल बराचसा भार एकटाच उचलतो. खडबडीत रस्त्यावर दगडावर चढलेल्या चाकाचेही तसेच होते. म्हणून अशा ट्रेलरने मोठे दगड टाळून, अगदी सावकाश जावे.

१४. आणखी कोणत्या लहानसहान गोष्टी राहून जातात?

ब्रेकच्या वायरी किंवा होज आता पुरेशा लांब आहेत का, ते चाक पूर्ण खाली लोंबलेल्या स्थितीत पाहावे. शॉक ॲब्सॉर्बर असतील तर त्यांची टोके नव्या जागी न्यावी लागतात. सुरक्षा साखळ्या आणि तुटल्यास ब्रेक लावणारी दोरी वळणावर ताणली जात नाही ना, हे पाहावे. दाराची पायरी उंच होते, तेव्हा एक जादा पायरी लागते. आणि कोपऱ्यांचे जॅक जमिनीपर्यंत पोहोचत नसतील, तर त्यांच्याखाली भक्कम लाकडी ठोकळे ठेवावेत. नवीन एकूण उंची छतावरच्या वातानुकूलन यंत्रासह मोजून चालकाच्या समोर लिहून लावावी.

१५. हे काम घरी करता येईल का?

सुटे भाग खोलणे, बोल्टने बसणारे ठोकळे लावणे, पाइपाचा मार्ग बदलणे हे हत्यारांची सवय असलेल्याला जमते. वेल्डिंग मात्र प्रमाणित वेल्डरकडूनच करून घ्यावे, कारण त्या जोडावर माणसे आणि मागून येणारी वाहने अवलंबून असतात. ट्रेलर उचलताना जॅक चासीच्या पट्ट्याखाली, ॲक्सलच्या जोडाजवळ लावावा, ॲक्सलच्या नळीखाली नव्हे. कोपऱ्यांचे जॅक ट्रेलर स्थिर करण्यासाठी असतात, तो उचलण्यासाठी नाहीत. पक्क्या स्टँडवर विसावल्याशिवाय खाली शिरू नये. ट्रेलर हमीच्या मुदतीत असेल, तर उत्पादकाला आणि विमा कंपनीला आधी लेखी विचारावे.

१६. काम झाल्यावर काय तपासावे?

कपलरच्या मध्यापासून ॲक्सलच्या डाव्या आणि उजव्या टोकापर्यंतची अंतरे मोजावीत. फरक ३ मिमीपेक्षा जास्त नसावा. चाकाचे नट टॉर्क पान्याने आवळावेत आणि पहिल्या १५, ४० आणि ८० किलोमीटरवर पुन्हा तपासावेत, यू-बोल्टही त्याच वेळी पाहावेत. पहिल्या प्रवासानंतर सर्व टायरच्या आतल्या कडांवरून हात फिरवावा. कडेला करवतीसारखे दात लागले, तर चाक सरळ चालत नाही.

१७. उंच केल्यावर ट्रेलरमध्ये जास्त सामान भरता येईल का, आणि तो कुठल्याही रस्त्यावर नेता येईल का?

दोन्हींचे उत्तर नाही असे आहे. कमाल वजनाची मर्यादा चासी, ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि टायर या सर्वांवर मिळून ठरलेली असते. चासी वर गेल्याने यांतले काहीच बळकट होत नाही. त्याचप्रमाणे मोकळ्या रस्त्यासाठी बांधलेल्या ट्रेलरच्या भिंती, खिडक्यांचे सील आणि कपाटांचे सांधे पूर्वीइतकेच नाजूक राहतात. सलग हादऱ्यांनी सील उघडते, पाणी आत मुरते आणि भिंतीतले लाकूड कुजते. हे नुकसान घासलेल्या पाइपापेक्षा कितीतरी महाग पडते आणि उशिरा दिसते. म्हणून उंची वाढवलेल्या ट्रेलरनेही दगडधोंड्यांच्या वाटेवर माणसाच्या चालीनेच जावे, अवघड जागी एकाने खाली उतरून मागच्या कोपऱ्याकडे लक्ष ठेवत दिशा सांगावी, आणि परत वळण्यास जागा नसलेल्या वाटेवर आधी पायी जाऊन पाहून यावे.